मुलाला ऑटिझम आहे असं कळलं, उद्या सकाळपासून काय करायचं?

आमच्या लेकाला दीड-दोन वर्षांचा असताना पंखा फार आवडायचा. उताणा पडून तो अर्धा अर्धा तास पंख्याकडे बघत राहायचा आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचो, इंजिनिअर होणार हा. हाक मारली तर वळायचा नाही. आधी 'आई' म्हणायचा, तेही बंद झालं होतं. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. मी म्हणालो, मुलगे उशिराच बोलतात, मीसुद्धा तिसऱ्या वर्षी बोललो. माझ्या त्या एका वाक्यात आमचे अकरा महिने गेले.

लेक आता अकरा वर्षांचा आहे. ओळखीपाळखीतून नव्या आईबाबांचे फोन येतात, बहुतेक रात्री दहानंतर, मूल झोपल्यावर. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमानं लिहितो आहे. ऑटिझम म्हणजे मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीनं होणं, त्यामुळे मुलाचं बोलणं, मिसळणं, वागणं वेगळं असतं. मी डॉक्टर नाही, बाप आहे. माहिती महाराष्ट्रातली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळ्या नातेवाइकांना आणि सगळ्या सोसायटीला पटवत बसू नका, दमून जाल. घरात एक, शाळेत एक, बिल्डिंगमध्ये एक, असा प्रत्येक ठिकाणी एक माणूस आपल्या बाजूचा करा. बाकीचे त्याचं बघून शिकतात. नाही शिकले तरी अडत नाही.

पायरी 1: शंका आली ना, मग थांबू नका

वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटानं काही दाखवत नसेल, हवं ते मागण्याऐवजी तुमचा हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेत असेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची चाळणी आहे. ती आईबाबांनी भरायची असते, त्यातून निदान होत नाही, पण पुढे तपासायला हवं की नको ते कळतं. डॉक्टर 'बोलेल हो, वाट बघा' म्हणाले, तर वाट बघता बघता तपासणीची चिठ्ठी मागून घ्या. दोन्ही एकत्र चालतं.

पहिली तपासणी बहुतेक कानांची होते. तिला 'बेरा' म्हणतात आणि मूल झोपलेलं असताना करतात. ऐकू येत नाही म्हणून वळत नाही, अशी शक्यता त्यानं तपासून होते. हे टाळू नका.

पायरी 2: निदान कुणाकडून घ्यायचं

विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. मुलाला बघून, त्याच्याशी खेळून, आईबाबांना विचारून निदान होतं. म्हणून जाताना मोबाइलमध्ये दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन जा: जेवताना, खेळताना, रडारडीच्या वेळी, आणि कुणी हाक मारत असताना. दवाखान्यात मूल वेगळंच वागतं.

पुण्या-मुंबईबाहेरच्यांनी आधी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांची वाढ तपासून लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राची, चौकशी करावी. 'सिव्हिलमध्ये डीईआयसी कुठे आहे' असं विचारलं की दाखवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं आहेत. तो कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, आणि अंगणवाडी-शाळांत तपासणीला येणारी गाडी त्याचीच असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवण दोन्हींचं काम चालतं. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था 2001 पासून अशा मुलांसाठी काम करते आहे, 'फोरम फॉर ऑटिझम' हा पालकांचाच गट आहे, आणि पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' आहे.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द फारसा पटत नाही. आमचा लेक स्वतःत मग्न कधीच नव्हता, पंख्यात होता. पण सरकारी कागदांवर हा शब्द दिसतो, तेव्हा माहीत असू द्या.

निदानाच्या रात्री जे व्हायचं ते होतं. रडा, गप्प बसा, एकमेकांशी भांडा. फक्त एकमेकांवर दोष टाकू नका. आईच्या नोकरीमुळे ऑटिझम होत नाही. मोबाइल दाखवल्यामुळे होत नाही (मोबाइल कमी केला तर मुलाशी खेळायला वेळ मिळतो, हा फायदा खरा). लसीमुळेही होत नाही. लसीची भीती 1998 च्या एका ब्रिटिश शोधनिबंधातून पसरली आणि 2010 मध्ये त्या नियतकालिकानंच तो निबंध मागे घेतला. आमच्या हिला एका लग्नात ऐकवलं गेलं, 'पोटात असताना कॉम्प्युटरसमोर बसायचीस ना, त्याचंच हे.' तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही. बाबालोकहो, तेवढी एक चूक करू नका.

पायरी 3: घरातला एक माणूस

घरच्यांना ऑटिझम समजावून सांगण्याच्या भरीस पडू नका. प्रत्येकाला एक काम द्या.

आमच्याकडे माझ्या आईनं आधी अंगारा आणला, मग कुलदैवताची राहिलेली ओटी भरून झाली. देवाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, आम्हीही गेलो. थेरपी बुडवून जाऊ नका, आणि मुलाला उपाशी ठेवायला किंवा चटका द्यायला सांगणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नका, एवढंच.

मग स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, सकाळचं बिस्कीट त्याच्या हातात आयतं ठेवायचं नाही. बिस्किटाचा फोटो काढून कार्ड करायचं, ते त्यानं उचलून द्यायचं, की लगेच बिस्कीट मिळतं. हे काम आईकडे दिलं. ती भडकली. 'पोराला एका बिस्किटासाठी ताटकळत ठेवू? या घरात नाही असं झालं कधी.' दोन दिवस तिनं गुपचूप पदराआडून बिस्किटं दिली. मग काय वाटलं कोण जाणे, रोज सात वाजता चहाचा कप आणि कार्ड घेऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात त्यानं कार्ड उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं अख्खा पुडा देऊन टाकला.

त्यानंतर आम्हाला पाहुण्यांना काही समजवावं लागलं नाही. माझी आत्या एकदा त्याच्या तोंडात लाडू कोंबायला गेली, तर आई म्हणाली, 'वन्सं, थांबा जरा. तो मागेल.'

पायरी 4: थेरपी, आणि तिच्या नावानं होणारी लूट

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी, ही शरीर, स्पर्श, आवाज, दात घासणं, बटण लावणं यांच्यासाठी असते. स्पीच थेरपी बोलण्यासाठी, खरं तर संवादासाठी, मग तो चित्रांनी का होईना. स्पेशल एज्युकेटर, म्हणजे विशेष शिक्षक, शिकणं मुलाला झेपेल असं करून देतात. खुद्द ऑटिझमवर औषध नाही. झोप, फिट्स, फार चंचलता यांसाठी लागू शकतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्याची वेगळी परिषद आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: 'मी आत बसू का?' कायम दार बंद ठेवणाऱ्या, तीन महिन्यांत काय साधायचं ते कागदावर न देणाऱ्या आणि घरी काय करायचं हे न सांगणाऱ्या सेंटरमधून आम्ही बाहेर पडलो. त्याआधी तिथे एक वर्षाची फी आगाऊ भरून बसलो होतो, ती परत मिळाली नाही. महिन्याच्या वर आगाऊ पैसे देऊ नका.

'पूर्ण बरा करतो' म्हणणारे भेटतीलच. स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचण्याच्या उपचारांना लाखांत खर्च येतो, लोक घरं गहाण टाकतात. ऑटिझमसाठी हे उपचार करू नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं 2022 मध्येच म्हटलेलं आहे. एवढं वाक्य लक्षात ठेवलंत तरी हा लेख वाचल्याचे पैसे वसूल.

आता भाषेबद्दल, कारण यात मराठी घरं हमखास फसतात. 'घरात एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला, म्हणजे मूल गोंधळणार नाही' असा सल्ला तुम्हाला मिळेल. आम्ही तो आठ महिने पाळला. घरात आम्ही दोघं मोडक्या इंग्रजीत 'गिव्ह बॉल, टेक बॉल' करत होतो आणि आजी-आजोबा त्याच्याशी बोलायचेच बंद झाले, कारण त्यांना ते जमेना. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीचं तोंड बंद झाल्याचं नुकसान मात्र आम्ही डोळ्यांनी बघितलं. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गाणं म्हणता, ती भाषा मुलाशी बोला. फ्लॅशकार्डवर 'ॲपल'च्या जागी 'सफरचंद' लिहिलं की झालं. थेरपिस्टना मराठी येत नसेल तर आठवड्याच्या दहा-बारा शब्दांची यादी मागून घ्या आणि घरी तेच शब्द मराठीत करा. न बोलणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं मोफत ॲप आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं. ॲप दिलं तर मूल बोलायचा कंटाळा करेल, ही भीती काढून टाका. मागता आलं की रडणं कमी होतं, आमच्याकडे तरी झालं.

पायरी 5: शाळा

आम्हाला तीन शाळांनी नाही म्हटलं. पहिलीनं 'जागा भरल्या' म्हणून, दुसरीनं 'बाकीचे पालक तक्रार करतात' म्हणून. तिसरीनं चहा पाजून नाही म्हटलं.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो पाठ असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, ऑटिझम त्यांतलं एक. सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खासगी शाळांत राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि फॉर्मची तारीख निघून जाते. शाळा नाही म्हणाली तर भांडू नका, 'हेच लेखी द्या' म्हणा. निम्म्या वेळा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार. झेडपी किंवा मनपाची शाळा असेल तर गट साधन केंद्रात किंवा मनपाच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाचे (दिव्यांग मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याचे) विशेष शिक्षक कोण, ते विचारा.

आता माझं मत. प्रवेश कायद्यानं मिळतो, पण वर्गातली जागा बाईंच्या मनानंच मिळते. म्हणून पहिल्या दिवशी एक पान लिहून द्या, एकच, निदानाची फाईल नको. आमच्या पानावर हे होतं: 'मला पंखे, नकाशे आणि भात आवडतो. घंटा मोठ्यानं वाजली की मी कान दाबतो, तेव्हा मला हात लावू नका, दोन मिनिटं दाराशी उभं राहू द्या. शू लागली की मी डाव्या हातानं चड्डी धरतो. मी बघत नसलो तरी ऐकत असतो.'

शाळेतला आमचा माणूस कोण झाला? मुख्याध्यापक नव्हे, वर्गशिक्षिकाही नव्हे. मावशी. तो बाथरूमला जायला का घाबरतो, हे कुणाला कळेना. मावशींनी ओळखलं की त्याला फ्लशचा आवाज सोसत नाही. तो बाहेर आल्यावर त्या स्वतः जाऊन फ्लश करायच्या. इतकं साधं. दिवाळीला आमच्या घरचा पहिला फराळाचा डबा अजून त्यांच्याकडे जातो.

दहावी लांब आहे, पण धसका नको. बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, विषयांत बदल अशा सवलती आहेत. शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो. रोज शाळेत न जाता परीक्षा देता येते, तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ताही आहे.

पायरी 6: बिल्डिंग, लग्न, गणपती

सोसायटीत आपला माणूस म्हणजे वॉचमनकाका. ही मुलं कधी कधी दार उघडं दिसलं की निघून जातात, आणि पाण्याकडे ओढली जातात. वॉचमनकाकांना फोटो, आपला नंबर आणि 'गेटबाहेर दिसला तर नावानं हाक मारू नका, तो थांबणार नाही, समोर जाऊन उभे राहा' एवढं सांगून ठेवा. मुलाच्या कपड्याच्या आत फोन नंबर शिवा. वरच्या बाजूला एक जादा कडी लावा. स्विमिंग पूल, विहीर किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर पोहायला शिकवणं हे थेरपीइतकंच तातडीचं काम समजा.

ग्रुपवर आम्ही असं टाकलं होतं, हवं तर उचला: 'नमस्कार. आमच्या मुलाला ऑटिझम आहे. तो लिफ्टमध्ये उड्या मारतो आणि मोठ्यानं आवाज काढतो, ते त्याचं बोलणं आहे. कुणाला मारत नाही. त्याला खेळायला घेतलंत तर आवडेल. काही विचारायचं असेल तर घरी या, चहाला.' चौघं आले. एकानं लिफ्टची तक्रार केली. चार जण पुरले.

लग्नाला न नेणं हा सोपा उपाय वाटतो, पण मग दोन वर्षांत नातेवाईक मुलाला विसरतात. आम्ही वरात आणि बँड टाळतो, पहिल्या पंगतीला जेवतो आणि मुलगा कंटाळायच्या आत निघतो. पाऊण तास, पण सगळ्यांना दिसलेला पाऊण तास. गणपतीत कानांना लावायला बांधकामावर वापरतात ते इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, फॅन्सी घ्यायची गरज नाही. आठ दिवस आधी घरात टीव्ही बघताना लावायची सवय करा. आरतीला आधी तो जिन्यात बसायचा. मग दारात. गेल्या वर्षी टाळ त्याच्या हातात होता. वाजवला नाही, नुसता धरला.

रस्त्यात रडून लोळायला लागला की लोक जमतातच. 'लाडावून ठेवलाय', 'दोन द्या ठेवून' असे सल्ले फुकट मिळतात. उत्तर देऊ नका. दोघांतल्या एकानं मुलाकडे बघायचं, दुसऱ्यानं लोकांकडे पाठ करून आडोसा करायचा.

पायरी 7: कागद

हे शेवटी लिहितो आहे, पण अर्ज निदानाच्याच महिन्यात करा. स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, नोंदणी करायची, मग ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं. तिथे बहुतेक ऑटिझम किती आहे ते मोजणारी आयसा चाचणी होते. ती भारतातच तयार झालेली आहे: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 70 च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. सगळे आईबाबा एक चूक करतात. बोर्डासमोर मुलाकडून कविता म्हणवून घेतात, 'दाखव ना रे, एबीसीडी म्हण ना.' ही मुलाखत नाही. त्याला काय जमत नाही, कुठे मदत लागते, तेच सांगायचं आहे. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचा दाखला मिळतो, संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दाखला हातात आला की राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना घ्या. नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज होतो, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. जुन्या करप्रणालीत 75 हजारांची वजावट आहे, 80 टक्के किंवा त्यावर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. ऑटिझमसाठी 10-आयए हा वेगळा फॉर्म लागतो, तुमच्या सीएला माहीत नसेल तर सांगा. एसटीत सवलत आहे. ग्रामपंचायत आणि पालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तो कुठे गेला ते विचारा. मूल 18 वर्षांचं झालं की आईबाबा आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो.

आणि आधार. बाल आधारला बोटांचे ठसे नसतात, पण 5 वर्षांनंतर आणि पुन्हा 15 नंतर ते द्यावेच लागतात. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, बोटं धरून थंड काचेवर दाबणार: आमचे तीन वेळा हाल झाले, ऑपरेटरही वैतागला. मग घरी जुन्या फोटोफ्रेमची काच घेतली, कडांना चिकटपट्टी लावली, आणि पंधरा दिवस रोज बिस्किटाच्या आधी चार बोटं, चार बोटं, दोन अंगठे. सकाळी आधार केंद्र उघडल्या उघडल्या, गर्दी नसताना गेलो. सगळं दोन मिनिटांत झालं. उठताना त्यानं ऑपरेटरकाकांचा हात ओढला आणि त्यांची चार बोटं काचेवर नीट दाबून ठेवली.